नसलेल्या रेकॉर्डची शिफारस

८ फेब्रुवारी, रविवार

आज दातवाल्याचा खून करणार होतो. मास्तरांच्या घरी, रेकॉर्डी जमवणाऱ्यांच्या पंधरवड्याच्या बैठकीत, सगळ्यांदेखत, रेकॉर्डी पुसायच्या मऊ फडक्याने!

महिनाभर वणवण करून एक रेकॉर्ड मिळवली होती. चौघे वादक, चौघांच्या हातात सॅक्सोफोन, आणि पुढे काय वाजवायचं हे चौघांनाही माहीत नाही. असं जॅझ हाती लागणं म्हणजे नशीब. मास्तरांसमोर बसून तिची शिफारस केली. शेवटचं वाक्य तोंडातून बाहेर पडतंय तोच मागून आवाज — "आहे माझ्याकडे." वर हेही — "पण त्यांची आधीची जास्त चांगली." आधीची! याला नेहमी आधीचंच चांगलं वाटतं. जन्मला तेव्हाही सुईणीला म्हणाला असेल, आधीचं बरं होतं.

धंद्याने दातांचा डॉक्टर. खुर्चीतल्या पेशंटना रेकॉर्डी ऐकवतो आणि आम्हाला सांगतो, "आजवर एकाचीही तक्रार नाही." तोंडात चिमटा असताना तक्रार करणार कशी?

मास्तरांनी डोळे मिटून माझी रेकॉर्ड ऐकली आणि म्हणाले, "भरताड." झालं. मास्तर दोनच शब्द बोलतात — 'ठेवा' नाहीतर 'भरताड'. आयुष्यभर हॉटेलच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला माणूस, त्यांच्यापुढे कोण बोलणार! बैठकीचा नियमही त्यांचाच: शिफारस करणाऱ्याने खिडकीपाशी, त्यांच्या समोर बसायचं, रेकॉर्डमध्ये काय ऐकू येणार ते सावकाश सांगायचं, आणि मगच ती लावायची.

हे सगळं सहन करतो ते त्या भिंतीसाठी. मास्तरांची एक अख्खी भिंत रेकॉर्डींची आहे. ती सगळीच्या सगळी ते आमच्यातल्या एकाला देणार. "ज्याचा कान खरा, त्याला," म्हणतात. गेली काही वर्षं म्हणताहेत. मला ती हवी आहे. हवी म्हणजे हवीच! घरातली भिंत मी मोजूनही ठेवली आहे. ही म्हणाली, "भिंत आली की बायकोने कुठे उभं राहायचं तेही मोजा."

९ फेब्रुवारी

दिवसभर दुकानात पडदे. एका बाईंना 'आभाळी, पण आभाळासारखा नको' असा रंग हवा होता. गिऱ्हाईक गेल्यावरही डोक्यात दातवालाच.

१३ फेब्रुवारी

सुचलं!! एका घरी पडद्याची दांडी बसवायला घडीच्या शिडीवर चढलो होतो. शिडी अशी काही कण्हली की वरच थांबलो. दातवाल्याकडे सगळंच असतं ना? मग जी रेकॉर्ड जगात नाहीच, तिची शिफारस करायची. तो म्हणणार, "आहे माझ्याकडे." की धरलाच! मास्तरांसमोर, उजेडात, रंगेहाथ.

घरमालक खालून विचारत होते, "अहो, वर काही अडलंय का?" मी म्हणालो, उलट सुटलंय.

२२ फेब्रुवारी, रविवार

नीट क्रमाने लिहितो.

मी सांगितलं — रेकॉर्डचं नाव 'शिडीवरून उतरताना'. वादक तीन. एक ट्रॉम्बोन, एक कॉन्ट्राबास, म्हणजे ते माणसाएवढं व्हायोलिन, आणि तिसरा घडीची शिडी वाजवतो. पहिल्या बाजूला तो चढतो, दुसऱ्या बाजूला उतरतो. कधी पायरीवर टिचकी, कधी नुसतं वजन टाकून कण्हायला लावणं. ट्रॉम्बोन त्याला खालून हाका मारतो आणि तो ओ देत नाही. बोलता बोलता मीच रंगलो. रेकॉर्ड पोस्टाने यायची आहे, म्हणून आज लावता येत नाही, एवढं सांगून थांबलो. हसू दाढेखाली दाबून धरलं होतं.

"आहे माझ्याकडे," दातवाला म्हणाला. "पहिली आवृत्ती."

आता उठणार, टाळी वाजवणार, तेवढ्यात मास्तर बोलले. डोळे ओले होते. "ही मी ऐकली आहे. तो खालच्या पायरीपर्यंत येतो... पण पाय टेकवत नाही."

हे तर मी सांगितलंच नव्हतं!

दातवाल्याला उघडं पाडावं तर मास्तरही उघडे पडतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. टाळीसाठी उचललेले हात मी मांडीवर ठेवले. मागून कॅशियर — बँकेतून निवृत्त झालेला, आमच्यातला तिसरा उमेदवार — म्हणाला, "मला दुसरी बाजू जास्त आवडते." सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना दुसरी बाजूच जास्त आवडत होती.

आणि मास्तरांनी जाहीर केलं, "पुढच्या बैठकीला ती आणा. कोणाचा कान खरा ते त्यावर ठरवू."

२३ फेब्रुवारी

हिला सगळं सांगितलं. पोट धरधरून हसली. मग म्हणाली, "तुमच्यात एकही माणूस असा नाही का, जो 'मी हे ऐकलेलं नाही' म्हणेल?" नाही. रेकॉर्डी जमवणारा माणूस मरेल, पण तसं म्हणणार नाही. हिला कळायचं नाही ते.

२५ फेब्रुवारी

रेकॉर्डीच्या दुकानात गेलो. का गेलो, देव जाणे. सहज विचारावं तसं विचारलं, 'शिडीवरून उतरताना' आहे का?

दुकानदाराने वर न बघता सांगितलं, "होती. शेवटची काल गेली."

"काल?!"

"चार जण विचारून गेले. आधी यायचंत ना."

घरी येईपर्यंत चिडचिड. एक दिवस आधी गेलो असतो तर मिळाली असती! जिना चढताना लक्षात आलं की नसती मिळाली. तरी चिडचिड गेली नाही.

२७ फेब्रुवारी

दातवाल्याचा फोन. आवाज मधाळ. "अरे, माझी प्रत एका पेशंटने नेलीय आणि तो आता कवळी बसवून परगावी गेलाय. तुझी आली असेल तर दोन दिवस दे ना. फक्त ताडून बघायचीय."

म्हणालो, माझी मोहोरबंद आहे, फोडणार नाही.

"तेच बरं," म्हणाला. "मोहोरबंद दुर्मीळ."

फोन ठेवल्यावर जरा वेळ अभिमान वाटत राहिला. कशाचा, ते ठाऊक नाही.

२८ फेब्रुवारी

माझ्याखेरीज सगळ्यांकडे ती आहे!

१ मार्च, रविवार

ठरलं. नाही ना जगात? मग आपण करायची. ती कशी वाजते हे ठाऊक असलेला मी एकटाच आहे.

शिडी दुकानातून आणली. ट्रॉम्बोनसाठी मेव्हण्याला बोलावलं, तो अग्निशमन दलाच्या बँडमध्ये वाजवतो. कॉन्ट्राबास कुठून आणणार? त्याऐवजी मी पितळी दांडीवरून पडद्याच्या कड्या सरकवायच्या. शिडीवर ही. "तुम्ही चढलात तर उतरवायला ह्याच्याच बंबाला बोलवावं लागेल," म्हणाली आणि पदर खोचला.

मेव्हणा सावधान उभा. "भावोजी, धून कोणती?"

"कोणतीच नाही. सुचेल ते वाजव."

"आणि नाही सुचलं तर?"

"तर थांब."

"साहेबांनी सांगितल्याशिवाय मी थांबत नाही."

पहिल्यांदा त्याने सलामी वाजवली. दुसऱ्यांदा सलामीच, पण हळू. तिसऱ्यांदा हिने वरून ओरडून सांगितलं, "दादा, आग लागलीय आणि शिडी आखूड पडतेय असं समज!" तेव्हा जे निघालं त्याच्या ट्रॉम्बोनमधून! अंगावर काटा आला. ही उलथनं घेऊन एकेक पायरी बोलती करत होती. स्वयंपाकघरात दूध उतू गेलं, खालच्यांनी छताला काठी ठोकली, तेही आलं त्यात. आजवर माझ्या एकाही रेकॉर्डला ही 'बरी' म्हणालेली नाही. आज रेकॉर्डिंग संपलं तरी शिडीवरून उतरायला तयार नाही.

मेव्हणा घाम पुसत म्हणाला, "भावोजी, हे गुन्ह्यात मोडत नाही ना?"

५ मार्च

आवाज दिला की त्याची एकच तबकडी कापून देणारा एक गृहस्थ आहे. त्याच्याकडून घेऊन आलो. वेष्टनावर हिने शिडी काढली. शिडीवरच्या माणसाचे फक्त पाय. फार छान काढलेत. मी प्लॅस्टिक चढवून कडा डकवल्या.

ही म्हणाली, "एकदा वाजवून तरी बघा." वाजवून? मोहोरबंद प्रत? मोहोर फोडली की निम्मी किंमत गेली! ही बाई शिडी कितीही चांगली वाजवो, रेकॉर्ड म्हणजे काय ते हिला कळणार नाही.

८ मार्च, रविवार

बैठक. आधी दातवाल्याची प्रत. पेशंट म्हणे कवळीसकट परत आला.

लावली. सुरुवातीला एक बारीक चिरकणारा सूर, मग तो जाड होत जातो, मग कोणीतरी "आं... आं..." करतं. "हा ट्रॉम्बोन," दातवाल्याने समजावलं. तो दात कोरायच्या यंत्राचा आवाज आहे हे मला कळलं. माझीच अक्कलदाढ त्या यंत्राखालून गेली आहे. शेवटी अगदी स्पष्ट, "चूळ भरा." कॅशियर म्हणाला, "गायकही आहे का यात?" "पाहुणा कलाकार," दातवाला म्हणाला. मास्तर म्हणाले, "भरताड."

मग माझी. सगळ्यांसमोर मोहोर फोडली. जीव तुटला. पण भिंतीसाठी! सुई ठेवली.

काही नाही.

तबकडी फिरतेय आणि काही नाही. आधी वाटलं, सुरुवातीची शांतता असेल. मग आठवलं की आमच्या रेकॉर्डिंगमध्ये शांतता नव्हतीच. म्हणजे माझे कान गेले! इकडे-तिकडे बघितलं. मास्तर डोळे मिटून मान हलवताहेत. दातवाला बोटांनी गुडघ्यावर ठेका देतोय. कॅशियर कपाळाला आठी घालून, अवघड जागा आल्यासारखा. भिंत पणाला लागलेली. 'ऐकू येत नाही' असं पहिल्यांदा म्हणणार कोण? मीही मान हलवू लागलो.

तेवढ्यात घंटा वाजली. एकदा. मग दोनदा.

"वा!" कॅशियर म्हणाला. "काय जागा घेतली!"

"माझ्या प्रतीत ही घंटा जास्त स्वच्छ आहे," दातवाला.

घंटा लांबत गेली. मग धाडधाड ठोकल्याचा आवाज सुरू झाला. कॅशियर कुजबुजला, "शिडी आली." खरं सांगतो, मलाही क्षणभर अप्रतिम वाटलं. मग काहीतरी किल्लीसारखं खुळखुळलं आणि दारात मास्तरांची मुलगी उभी. दोन्ही हातांत पिशव्या, चेहरा लालबुंद.

"कधीची बेल वाजवतेय! दार बडवतेय! बाबांना ऐकू येत नाही हे मी समजू शकते, तुम्हा सगळ्यांचे कान काय झाले?"

मास्तरांचे डोळे मिटलेलेच होते. सुई मधल्या चकतीपाशी जाऊन थांबली तेव्हा त्यांनी ते उघडले आणि म्हणाले, "ठेवा." मग त्यांना मुलगी दिसली.

बाकीचे तिच्या पिशव्या उचलायला धावले. रागाच्या भरात बोलली असेल, असं त्यांना वाटलं असावं. किंवा तसं वाटून घेणं सोयीचं होतं. मी मात्र मास्तरांकडे बघत राहिलो. निघताना त्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "उद्या ये. एकटा."

घरी आलो तर तबकडीवाल्याचा निरोप: तुमची तबकडी इथेच राहिली आहे, चुकून कोरी गेली.

मास्तरांना ऐकू येत नाही. कधीपासून, कोण जाणे. आमची एकेक रेकॉर्ड लागली, ते डोळे मिटून बसले, आणि आम्ही घाबरून वाट बघत राहिलो. लाज वाटते लिहायला, पण उद्यासाठी टेम्पोही सांगून ठेवला आहे.

९ मार्च

तो नियम कशासाठी ते आता कळलं होतं, म्हणून ओठ दिसतील असा खिडकीपाशी समोर बसलो आणि सावकाश सगळं सांगितलं. अशी रेकॉर्ड नव्हतीच, काल वाजली ती कोरी होती. मास्तर हसले. "अरे, पण तू सांगत होतास तेव्हा मी ऐकली ना!" मग भिंतीकडे हात केला. "हे सगळं तुझं. खाली टेम्पो दिसतोय. ने." मी उठलो, तशी त्यांनी माझी बाही धरली. आपला आवाज केवढा येतो हे त्यांना कळत नाही, म्हणून अगदीच हळू म्हणाले, "फक्त बाकीच्यांना कळू देऊ नकोस. ठरलं म्हटल्यावर रविवारी कोण येणार?"

टेम्पो परत पाठवला. दातवाल्याला फोन केला — मास्तरांचं अजून काही ठरत नाहीये, पुढच्या बैठकीला चांगलं काहीतरी घेऊन ये.