मशीन विकायचं नाही

भावजींना अनेक आशीर्वाद.

दुकानातल्या नाणं टाकून खेळायच्या मशीनच्या बदली तुम्ही पाठवलेला मारामारीचा व्हिडिओ गेम घरच्या टीव्हीला लावला. गडी तेच, डाव तेच. पण त्याची बारीक बटणं अंगठ्याने दाबावी लागतात. लकव्यानंतर तुमच्या दादांचा उजवा अंगठा हलत नाही. आपल्या दुकानातल्या मशीनवर मात्र ते दांडा डाव्या मुठीत धरतात आणि मोठी बटणं उजव्या तळव्याने दाबतात. काल मशीनवरच्या खेळात मला लोळवून म्हणाले, "हरलीस गं!" आजारानंतरचं पहिलं धड वाक्य. मी देवापुढे हात जोडले.

उद्या तुमचं गिऱ्हाईक मशीन न्यायला येईल. त्याला मी दारातूनच परत पाठवीन. मशीन वीज खातं म्हणून तुम्ही ते विकायला काढलंत; तो खर्च मी माझ्या हिशेबात बसवीन. हे पत्रही टाकणार नाही. कागदावर तुम्ही वाद घालत बसाल, म्हणून फोनवर एवढंच सांगीन: इकडे या, दुसरा दांडा धरा आणि भावाच्या हातचा मार खा.

तुमची,
वहिनी