बावन्नला पंचवीस

प्रिय दादा,

'प्रिय' रीत म्हणून लिहिलंय, त्यात जीव शोधू नकोस. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय.

गेल्या महिन्यात दोन दिवस येऊन गेलास. बाबांना हल्ली स्वतःचं घर ओळखू येत नाही. मला कधी 'बाई' म्हणतात, कधी त्यांची बहीण समजतात. पण फासा हातात आला की माणूस ताळ्यावर यायचा. मी शिलाई मशीनवर, ते समोर स्टुलावर. एक शिवण झाली की माझं दान, मग त्यांचं. आपल्या लहानपणी सुतारकामातल्या उरलेल्या लाकडातून त्यांनीच कोरलेला तो फासा. नियम तरी काय, सहा पडला की पुन्हा टाकायचं, आधी पन्नास गाठेल तो जिंकला. शेंबड्या पोरालाही कळेल. बाबांची बेरीज एकदाही चुकत नव्हती.

तुला मात्र खेळात दम दिसला नाही. कारखान्यात दिवसभर लोकांच्या चुका काढतोस, मग बापाच्या खेळाला कसा सोडशील! लहानपणीही हरायला लागलास की तुला नवा नियम सुचायचाच. या खेपेलाही तेच: नेमके पन्नास भरायला हवेत, वर गेलं की पंचवीसवर परत. लागोपाठ तीन सहा आले की सगळं शून्य. फासा खाली पडला तर पाच वजा. सगळं सुबक अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलंस. बाबा अठ्ठेचाळीसवर होते. चार पडला. दोन्ही हात वर करून हसले, आणि तू त्यांना पंचवीसवर आणून बसवलंस. मी डोळ्यांनी खुणावत होते, तर म्हणालास, मेंदूला व्यायाम होतो. उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातं?

तू गेल्यावर मी तो कागद टराटरा फाडला. बाबा माझ्यावरच खवळले. थोरला शिकलेला आहे, त्याचं लिहिलेलं फाडणारी तू कोण, म्हणाले. आंघोळ घालणारी मी, घास भरवणारी मी, आणि शब्द चालतो तुझा. याचा मला राग येतो, दादा, आणि तो लपवायचा मला कंटाळा आलाय.

अकरा दिवस झाले, त्यांनी फाशाला हात लावलेला नाही. काल माझे दोन्ही हात धरून रडले. म्हणाले, जन्मभर चुकीचा खेळ खेळून पोरांना फसवून हरवलं, म्हणूनच थोरला घरी येत नाही. तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे, पण त्यांना सांगायची माझी छाती होत नाही. मी कितीही समजावलं तरी त्यांना वाटतं, ही माझं मन राखतेय. ते फक्त तुझं अक्षर मानतील. तेव्हा त्यांना एक ओळ लिहून पाठव. असलं काही लिहायची तुला सवय नाही, म्हणून मीच देते: 'बाबा, तुमचाच खेळ बरोबर होता. चुकलो मी.' जशीच्या तशी उतरव. एवढी एक तरी सुधारू नकोस.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
धाकटी