तुझ्या हातांसाठी नाही

आई, आज मी भर मीटिंगमध्ये तुझं नाव घ्यायला नकार दिला आणि घरी आल्यापासून तुझ्याशीच भांडतेय.

झालं असं. माझी प्रयोगशाळा चालू ठेवायची की बंद करायची हे ठरवायला बाहेरून समिती आली होती. आमचे विभागप्रमुख तसे भले गृहस्थ. सकाळीच चहा पाजून म्हणाले, "मॅडम, आलेख-बिलेख राहू द्या. आईंच्या संधिवाताचं सांगा. त्यांची वाकडी झालेली बोटं, त्यांच्यासाठी तुम्ही घेतलेला ध्यास. माणसं विरघळतात." पेपरवाल्यांनी हे इतक्यांदा छापलंय की प्रमुखांनाही ते खरंच वाटतं. मी नुसती हसले.

खरं काय ते तुला ठाऊक आहे. सातपूरच्या त्या दोन खोल्यांत दादांची कारखान्यात पहिली पाळी असली की तू अंधारातच उठायचीस. सकाळी बोटं मिटत नसत. कोमट पाण्यात हात बुडवून बसायचीस, मग भाकरी थापायला घ्यायचीस, पण तोंडातून हूं की चूं नाही. थंडीत बिबा तापवून सुईनं त्याचं तेल मनगटाला लावायचीस. मी कॉलेजात असताना एकदा तुला बिबा धरून दिला आणि तो माझ्याच अंगावर उतला. हात कोपरापर्यंत भोपळ्यासारखा सुजला, खाज तर विचारूच नको. तू शिव्या घालत घालत वाटलेलं तीळ-खोबरं थापलंस. काही दिवसांत सूज उतरली, तेव्हा मी विचारलं, "माझी आपोआप थांबली, मग तुझी का थांबत नाही? तिला थांब म्हणून सांगतं कोण?" तू तवा उतरवत म्हणालीस, "उतरली ना? मंग सोड इषय. नामपूरला तुझ्या आजीची बी अशीच बोटं होती. तिनं नाय विचारलं कोणाला."

मी नाही सोडला विषय. बाकीचे संशोधक सूज येते कशी ते शोधत होते, मी ती जाते कशी ते शोधत बसले. मेडिकलला नंबर लागत असताना नको म्हणाले, तेव्हा तू दादांसमोर कपाळावर हात मारून घेतलास. "माणसांची सोडून ही उंदरांची डॉक्टर होणार! तुनं डोकं ठिकाणवर शे का?" चिडलीस की माहेरची अहिराणी यायची तुझ्या तोंडी. पुढे दर फोनला एकच, "निघालं का औषध?" नाही निघालं, आई. तू गेलीस तेव्हा नव्हतं निघालं, आजही नाही. सूज उतरवायला शरीर कुठल्या पेशींना कामाला लावतं, त्यातला एक बारीक तुकडा मला सापडला, जो माझ्याआधी कुणालाच माहीत नव्हता. एवढीच माझी कमाई. ती कमी आहे असं मी मानत नाही, तू म्हणालीस तरी मानणार नाही.

समितीतल्या एका साहेबांनी अगदी तुझ्या सुरात विचारलं, "इतक्या वर्षांत औषध कुठाय?" प्रमुख माझ्याकडे बघून मानेनं खुणावत होते, आता सांगा, आता. मी म्हणाले, "औषध नाही. माझ्या हयातीत येईल असंही नाही. पण सूज कशी उतरते हे कळल्याशिवाय ते येणार नाही, आणि त्यासाठी कुणीतरी बसून बघावं लागतं. मी बघते. मला ते आवडतं." प्रमुखांनी डोळेच मिटून घेतले. समितीवाले निर्णय कळवू म्हणाले. बंदच करतील, लक्षणं तीच दिसतायत. करू देत! पाहुणे आले की तू ती बोटं पदराखाली घ्यायचीस. उभ्या जन्मात कुणाला दाखवली नाहीस, आणि मी ती परक्यांच्या टेबलावर मांडू? माझं पोट जाळायला तुझं दुखणं वापरायची वेळ आलेली नाही अजून.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, तेव्हा राहिलेलंही सांगते. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी जखमेकडे सरकताना मी पहिल्यांदा पाहिल्या, तेव्हा दिवसभर जागची हलले नाही. ना जेवणाची शुद्ध, ना कशाची. तू, तुझे हात, ते औषध, काही म्हणजे काही आठवलं नाही. आणि आई, इतक्या सुखात मी त्याआधी कधी नव्हते, नंतरही नाही.