भिंतीवर घरची माणसं

अकोला, १२ जानेवारी १९५९
आजपासून घर सजवायचं. निश्चय पक्का. बैठकीत घरच्या माणसांचे फोटो लावणार. पंचफुला अमरावतीहून परत येईल, भिंतीवर स्वतःचा फोटो पाहील, तिला भरून येईल. मग जास्त बोलायची गरज नाही. बायको हवापालटासाठी माहेरी गेली त्याला नऊ वर्षं झाली. हवा आता पुरेशी पालटली असेल.

१५ जानेवारी
खिळे ठोकले. एक बोटावर. मधली जागा मोठ्या फोटोला ठेवली. तिथे वरणाचा डाग आहे, कितीही चुना द्या, पिवळा वर येतोच. ताट मी तिच्या अंगावर फेकलंच नव्हतं, भिंतीवर फेकलं होतं. हा फरक तिच्या भावाला, पंजाबरावांना, एकदा नीट समजावायचा आहे. जमलेलं नाही.

२० जानेवारी
पेटी उपसली. फोटो एकच निघाला, लग्नातला. मी फर्स्टक्लास आलो आहे. पंचफुलाच्या तोंडावर पदर. स्टुडिओवाला ताहेर म्हणतो, एन्लार्ज केला तर पदरच मोठा होईल. मुलीचा, ललिताचा, एकही नाही. दर वर्षी काढायचा बेत असायचा, पण कापसाच्या जिनिंगचा सीझन आडवा यायचा.

२ फेब्रुवारी
दोघींचे फोटो पाठवा म्हणून अमरावतीला पत्रं टाकली होती. उत्तर नाही. पोस्टखातं पार बिघडलं आहे.

८ फेब्रुवारी, रविवार
स्वतःच जाऊन आलो. पंजाबरावांच्या दारात साडीतली एक मुलगी उभी होती. तिला विचारलं, ललिता आहे का घरात?
"मीच ललिता, बाबा," ती म्हणाली.
ओसरीवर अंधार फार. पंजाबरावांना सांगितलं पाहिजे, भिंतीत एक खिडकी पाडून घ्या.
पंजाबरावांनी कळवलं की तिचं लग्न ठरलं. मुलगा मूर्तिजापूरचा, रेल्वेत. मला पत्रिका पाठवणारच होते म्हणे. पंचफुला बाहेर आली नाही, चहा आला. निघताना मीच आतल्या दाराशी जाऊन तिला फोटो मागितला.
"फोटो कायले पायजे तुमाले?" ती म्हणाली. "मानूस घरात होतं, तवा पायलं काय?"
नऊ वर्षांनी बोलली. लक्षण चांगलं आहे.

९ फेब्रुवारी
नवा प्लॅन. लग्नात ग्रुप फोटो निघेलच. एकाच फ्रेममध्ये सगळं कुटुंब. मधल्या खुर्चीवर मी, एका बाजूला पंचफुला, दुसऱ्या बाजूला ललिता. सागवानी फ्रेमची ऑर्डर दिली. काळा कोट शिवायला टाकला.

३ मे, अमरावती
लग्न लागलं. कन्यादान पंजाबरावांनी केलं. त्यांना विधी पाठ आहेत, मी आग्रह केला नाही. काळा कोट मे महिन्यात जरा गरम होतो.
फोटोच्या वेळी मधली खुर्ची आधीच धरून बसलो. फोटोग्राफरने काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं.
"ओ कोटवाले भाऊ, जरा बाजूले व्हा. घरच्या लोकायले बसू द्या."
तो परका माणूस, त्याला काय माहीत. कोणीतरी सांगेल म्हणून मी थांबलो. पंजाबराव फेटा नीट करत होते. पंचफुला समोर कॅमेऱ्याकडे पाहत होती. ललिताने माझ्याकडे पाहिलं आणि मुंडावळी सारखी केली.
मग उठलो. तसंही ऊन डोळ्यांवर येत होतं, फोटो बिघडला असता.

२४ मे, अकोला
फोटो आला. ललिताने पाठवला. मढवून मधल्या खिळ्यावर लावला. अगदी साफ आला आहे. मधल्या खुर्चीवर पंजाबराव. शेजारी पंचफुला हसते आहे. तिच्या डाव्या गालाला खळी पडते. मला माहीत नव्हतं.
शेजारच्या रजियाबी डोकावून गेल्या. कोण लोक आहेत, विचारत होत्या.
म्हटलं, अमरावतीचे आहेत.