चार नंबरच्या टेबलावरचा माणूस

प्रिय खारूताई,

हे पत्र घेऊन आलेल्या बाई आपल्या दुकानाशेजारच्या शिवणवाल्या. त्यांच्यावर माझ्याइतकाच विश्वास ठेव. खरं तर माझ्यापेक्षा जास्त ठेव. कागदपत्रांची पिशवी तेवढी उचल, त्यांच्या व्हॅनमध्ये बस, आणि गाडी हलली की मग पुढचं वाच. मुद्द्यावर यायला तुझ्या मामाला नेहमीच उशीर होतो, म्हणून आज मुद्दा आधी सांगून मोकळा झालो.

दुपारचे दोन वाजलेत. दुकानातच बसून लिहितोय. ऊन खेळांच्या खोक्यांच्या फळीवरून उतरत उतरत तिसऱ्या टेबलापर्यंत आलंय. तुला आठवतं, तू शाळेतून इथेच यायचीस, एक नंबरच्या टेबलावर दप्तर टाकायचीस आणि कविता पाठ म्हणून दाखवल्याशिवाय मी तुला फासे द्यायचो नाही? अजूनही कुणी तासाच्या बोलीवर टेबल घेतलं की माझ्या ओठांवर आधी एखादी ओळच येते. गिऱ्हाईकं हसतात. म्हणतात, आजोबा, खेळ द्या, कविता राहू द्या.

एक माणूस मात्र हसला नाही. दोन महिन्यांपूर्वी आला आणि दर बुधवारी चार नंबरचं टेबल घेऊ लागला. स्वच्छ दाढी केलेला, हळू बोलणारा, सोंगट्या मांडताना त्यांची तोंडं एका रेषेत आणणारा. मी एक कडवं म्हटलं की तो पुढचं म्हणायचा. मला म्हणाला, तुमच्यासारखी माणसं आता राहिली कुठे? मी म्हातारा लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढलो. त्याच्यासाठी कपाटातले जुने खेळ काढले, वेळ संपली तरी उठवलं नाही.

अर्धवट राहिलेल्या डावांची आपली फळी त्याने पहिल्याच दिवशी हेरली होती. काचेच्या झाकणाखालचा डाव खेळणारा परत येईपर्यंत कुणी हलवायचा नाही, हा आपला नियम. त्याने झाकणाला बोटही लावलं नाही. फक्त विचारलं, हे बुद्धिबळ कुणाचं? मी सांगितलं, माझं आणि माझ्या भाचीचं. ती कार्डावरून खेळी पाठवते. तो बराच वेळ पटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ती आता उंट मागे घेईल. चार दिवसांनी तुझं कार्ड आलं. उंट मागे. मला मौज वाटली गं! पुढच्या वेळी त्याने हत्ती सांगितला, तोही खरा ठरला. मी टाळी दिली त्याला.

मग आपल्या निवृत्त पोस्टमनने एकदा त्याला हरवलं. तो हसला, सगळं नीट आवरून गेला. दुसऱ्या दिवशी खोकं उघडलं, तर लाकडी घोड्याचं डोकं मोडलेलं; पण धडाला अगदी बेमालूम लावून, जागच्या जागी ठेवलेलं. तेव्हा मनात पाल चुकचुकली. नवऱ्याचं घर सोडून आलीस तेव्हा तू एकदाच, इथेच बसून सांगितलं होतंस ना, की तो कधी ओरडत नाही, फक्त वस्तू मोडलेल्या सापडतात, नीट मांडून ठेवलेल्या. तरीही मी स्वतःलाच समजावलं, लाकूड जुनं आहे. तुझ्या लग्नाच्या वेळी मी पाय मोडून घरीच पडलो होतो. जावईबापूंचा एकच फोटो पाहिलेला, तोही भरघोस दाढीतला.

गेल्या बुधवारी निघताना तो म्हणाला, आता ती कडेचं प्यादं पुढे टाकेल. मी म्हटलं, छे, त्यात काय अर्थ? तर म्हणाला, घाबरली की ती असंच करते.

आज सकाळी तुझं कार्ड आलं. कडेचं प्यादं. या वेळी मी काच उचललीच नाही.

आणि बुधवार नसताना आज तो बारा वाजता दारात उभा. पायाशी प्रवासाची बॅग. म्हणाला, साडेपाचच्या गाडीने जवळच्या माणसाकडे जातोय, तोवर एखादा डाव होऊन जाऊ द्या. मी किल्ल्याच्या वेढ्याचा खेळ काढला, आपल्याकडचा सगळ्यात लांबणारा. जिंकत असताना पटावरून उठणं त्याला जमत नाही, हे एवढ्या बुधवारांत कळलंय. म्हणून मी हरतोय, बाळा, एकेक बुरूज, सावकाश. कात्री मागायच्या निमित्ताने शेजारी जाऊन आलो. त्याची खेळी चालू असली की मी चार ओळी लिहितो. त्याला वाटतंय मी या खेळाचे नियम उतरवतोय. फाटका टेबलक्लॉथ न्यायला बाई आता येतील, त्याच्या घडीतून हे पत्र निघेल.

एवढी खबर बाईंनी तोंडीही दिली असती. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी, आणि ती माझ्याच तोंडून तुला कळायला हवी. तुला त्याने शोधलं नाही, मी दाखवलं. खेळीबरोबर तू चार ओळी लिहून पाठवतेस, त्यांचा मला केवढा अभिमान! मागच्या महिन्यातलं कार्ड मी त्याला उभं राहून, हातवारे करून वाचून दाखवलं: ‘खिडकीखाली बेकरी, पहाटवारा पावाचा, समोर निळ्या टाकीवर पहारा एका कावळ्याचा.’ तो म्हणाला, वा, पुन्हा म्हणा. मी पुन्हा म्हटलं. मग त्याने कार्ड हातात घेऊन अक्षराचं कौतुक केलं, आणि मी तुझ्या गावाच्या पोस्टाच्या शिक्क्यासकट ते त्याच्या हातात राहू दिलं. मला माफ कर असं म्हणणार नाही, ते तुझं तू ठरव. पण बाई तुला जिथे सोडतील तिथून पुढे तू कुठे जाशील, ते विचारायचं नाही असं मी त्यांना बजावलंय, आणि तूही मला कळवू नकोस. कार्ड नको, ओळ नको, कुणाच्या हाती निरोपही नको. माझ्या जिभेला हाड नाही, आणि कुणी कविता म्हटली की मला अजूनही तो भला माणूसच वाटतो. त्याने आत्ता मान वर करून विचारलं, आजोबा, अजून किती नियम उरलेत? मी म्हटलं, झालंच, हा शेवटचा.

तुझाच, कुठेही असलीस तरी,
मामा