गिरणीचे शेअर आणि वच्छला

सोलापूर, १९३१

करमाळ्याचे व्याही रामहरीराव यांस कुंडलिक मास्तराचा रामराम.

लग्न ठरताना मी सोनं पुढं केलं, तर तुम्हीच हसलात, "सोनं कधी व्यालंय का, मास्तर? गिरणीचे शेअर द्या की!" पोरांना कविता शिकवण्यात जन्म गेलेला मी भाबडा. सोनं मोडून शेअर घेतले, मंगलाष्टकांत गिरणीचा भोंगासुद्धा गुंफला. आता भाव कोसळला, शेअर रद्दीच्या मोलाचे झाले, आणि "सोनं घेऊनच ये" म्हणून तुम्ही माझ्या वच्छलेला माहेरी धाडलंत.

तिला परत न्या, एवढं विनवायलाच बसलो होतो. पण चुलीपुढून वच्छला म्हणाली, "भाव चढला की येतील न्यायला. तवा मला धाडू नका, आबा."

म्हणून विनवत नाही. हे पत्रही टपालात टाकत नाही.

एकेकाळचा तुमचा व्याही,
कुंडलिक