तुमच्या नावाची स्लाइड

ती. दाजी,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि ताईचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा. इकडे सगळं ठीक आहे (हे वाक्य शेवटपर्यंत टिकणार नाही, पण रीत म्हणून लिहिलं).

तर झालं असं की, पुरुषाने चारचौघांत बोलू नये अशा जागी मला एक चामखीळ उगवली. अठ्ठावीस वर्षं लॅबमध्ये लोकांच्या अंगातून काढलेले तुकडे तपासणीसाठी मेणात बसवून कापले, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा तोंडचं पाणी पळालं. तीन महिने अंगावर काढले. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी तिथे व्हिनेगरसारखं काहीतरी लावलं, जागा पांढरी पडली, मग ती बधिर करून त्यांनी तुकडा काढला आणि बाटलीत घालून दिला. "विषाणूची दिसते, पण तपासल्याशिवाय सांगणार नाही," म्हणाले. ती बाटली घेऊन मी आपल्या जुन्या लॅबमध्ये गेलो.

दाजी, जिन्यातच फॉर्मॅलिनचा वास आला आणि डोळे भरून आले. (फॉर्मॅलिनने सगळ्यांचेच येतात, पण माझे त्याआधीच आले होते.) माझं कापायचं यंत्र अजून खिडकीशीच आहे. कोमट पाण्यावर तरंगणारी मेणाची नाजूक फीत काचेवर उचलताना मी श्वास रोखायचो आणि तुम्ही नेमके मागून शिंकायचात. किती सुखाचे दिवस होते ते! विषाणूने धरलेल्या पेशींना तुम्ही 'रुसलेल्या' म्हणायचात: मधोमध आकसून बसलेला काळसर गाभा आणि भोवती मोकळी जागा. (ताईवरूनच सुचलं असणार.) स्लाइड साधी निघाली की मायक्रोस्कोपवरून डोकं न उचलता म्हणायचात, "चहा मागव." वाईट निघाली की चष्मा पुसत बसायचात.

या आठवणींच्या नादात मी फॉर्म भरला आणि माती खाल्ली. इतकी वर्षं प्रत्येक फॉर्मवर तपासणाऱ्याचं म्हणून तुमचंच नाव लिहिलं. हाताने सवयीने रुग्णाच्या रकान्यातही तेच लिहिलं. खाली अवयव, जागा, सगळं वळणदार अक्षरात. तुमच्या खुर्चीवर आता तुमचीच विद्यार्थिनी बसते. तिने फॉर्म वाचला आणि गहिवरून विचारलं, "सरांना? या वयात?" तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण लाज आडवी आली. मी मान खाली घालून म्हणालो, "हो ना, काय करणार."

रिपोर्ट आला आहे. रुसलेल्या पेशी भरपूर, म्हणजे विषाणू नक्की. पण खालच्या थरातल्या दोन-चार पेशी तिला खटकल्या. कॅन्सरची सुरुवात आहे की नाही, हे अनुभवी नजरेने ठरवावं म्हणते. "सरांनी स्वतःच बघितलं तर उत्तम," असंही म्हणाली बिचारी.

तुमचा,
मेहुणा

ता. क. लॅबमधलं कुणी तब्येतीची चौकशी करायला आलं तर ताईला आधी आत पाठवा. मी फॉर्म दुरुस्त करून घेतो.

ता. क. २. स्लाइड कापसात गुंडाळून सोबत पाठवली आहे. बघाल ना? दुसऱ्या कुणाच्या नजरेवर माझा भरवसा नाही. मला भीती वाटते, दाजी.

ता. क. ३. इथे टपाल बायको फोडते (तिला मी गळू झालंय म्हणून सांगितलंय), तेव्हा पेशींबद्दल एक अक्षर लिहू नका. सगळं साधं असेल तर कार्डावर एवढंच लिहा: चहा मागव. नसेल तर काहीच लिहू नका, ताईला घेऊन इकडे या. चहा मी मागवीन.